गवताच्या आतली बुरशी शेजारच्या रोपाला लागते का?

गवतवेडी (इंदूर)

गवतावरची बुरशी म्हटली की आपल्याला तांबेरा आठवतो, काणी आठवते, बाजरीचा अरगट आठवतो. डोळ्यांना दिसणारी, पीक खाणारी बुरशी. पण गवताच्या आत, पेशींच्या मधल्या फटींत, जन्मभर राहणारी आणि बाहेरून काहीही न दाखवणारी बुरशीसुद्धा असते. वनस्पतीच्या आत राहणाऱ्या अशा जीवांसाठी द बारी या जर्मन शास्त्रज्ञानं १८६६ साली एंडोफाइट हा शब्द वापरला. मी अंतर्वासी बुरशी म्हणते.

धागा काढायचं कारण म्हणजे मला पुन्हा पुन्हा विचारला जाणारा एक प्रश्न. गवती चहाचे ठोंब कुणाकडून आणले आणि त्यात अशी बुरशी असली, तर बागेतल्या इतर गवतांना ती लागेल का? उत्तर बुरशी कुठल्या रस्त्यानं जाते यावर आहे. माझं तर म्हणणं आहे की रस्ता कळला की तिचा अर्धा स्वभाव कळला.

पहिला रस्ता बियाण्याचा. थंड हवेतल्या गवतांत एपिक्लोई नावाच्या वंशातल्या बुरश्या राहतात, त्यांचं उदाहरण घेते कारण त्यांचा अभ्यास सगळ्यात जास्त झालाय. बी रुजतं तेव्हा आत बसलेले बुरशीचे तंतू कोंबात येतात आणि जिथून पानं न् फुटवे निघतात त्या वाढत्या टोकाशी मुक्काम करतात. पुढे नवा फुटवा निघाला की त्यात तंतू जातातच. पान तळाकडून वाढत लांब होतं. बहुतेक बुरशीचा तंतू फक्त टोकाला वाढतो. तसाच हाही वाढला असता तर पान ताणलं जाताना तुटून गेला असता. एपिक्लोईचा तंतू मात्र मधल्या भागातही लांबतो, पानाच्याच वेगानं, आणि पान वाढायचं थांबलं की तोही थांबतो. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २००८ साली हे दाखवलं. मला या सगळ्या विषयात याहून सुंदर गोष्ट माहीत नाही.

तुरा येताना हे तंतू बीजांडात शिरतात आणि नव्या बियांमध्ये जाऊन बसतात. परागकणांतून जात नाहीत. म्हणजे आईकडून मिळते, बापाकडून नाही. मुळांत तर ती जवळजवळ नसतेच. त्यामुळे दोन रोपांची मुळं एकमेकांत गुंतली, पानं एकमेकांवर घासली, तरी या रस्त्यानं जाणारी बुरशी शेजारी पोचत नाही.

दुसरा रस्ता बीजाणूंचा. इथे बुरशी तुरा बाहेर पडायच्या आधीच वरच्या पानाच्या म्यानाभोवती पांढरा थर चढवते. तुरा आतल्या आत कोंडतो, बी येतच नाही. त्या थरावर बीजाणू तयार होतात आणि ते दुसऱ्या रोपांकडे जातात. याला चोक रोग म्हणतात.

आता स्वभावाचं बघा. बियाण्यातून जाणारी बुरशी गवताला बी आलं तरच पुढच्या पिढीत जाणार. म्हणून ती गवताला जपते, किडींना न मानवणारी द्रव्यं तयार करते. बीजाणूंनी पसरणारीला गवताचं बी नकोच असतं, उलट बियांवर खर्च होणारं अन्न तिला हवं असतं. आणि काही जाती दोन्ही करतात: एकाच ठोंबाचे काही फुटवे कोंडून टाकतात, बाकीच्यांना बी येऊ देतात आणि त्या बियांतही शिरतात.

कुणाला आपल्या भागातलं काही माहीत असेल तर जरूर लिहा.

वावर_देपालपूर

ताई, छान लिहिलंय. दोन गोष्टी विचारायच्या. आमच्या गव्हात ही असते का? दरवर्षी आम्ही घरचंच बियाणं ठेवतो, मग ती पिढ्यान् पिढ्या आमच्याच कोठीत चालून राहिली असेल. आणि बांधावरची हरळी, जी काढून काढून जीव जातो, तिच्यात?

गवतवेडी (इंदूर)

दादा, आज शेतात असलेल्या गव्हात एपिक्लोई नसते. गव्हाच्या गोतातल्या रानटी गवतांत आणि रानटी सातूंत ती सापडते, पण पेरणीच्या गव्हात नाही. न्यूझीलंडमध्ये रानगवतातली बुरशी राय या धान्याच्या कोवळ्या रोपांत टोचून बसवण्याचे प्रयोग झालेत, हेतू असा की कीड आपोआप कमी व्हावी. काही रोपांत ती रुळली आणि बियाण्यातून पुढेही गेली.

हरळीचं वेगळं आहे. एपिक्लोई थंड हवेच्या गवतांपुरती: फेस्क्यू, रायगवत, पोआ, ब्रोमस अशी. आपल्या माळव्यातली कुसळी, मारवेल, पवन्या, रोशा, हरळी ही सगळी उन्हाळी गवतं. त्यांच्यात एपिक्लोईच्या कुटुंबातलीच पण दुसऱ्या वंशांची मंडळी असतात, बालान्सिया आणि एफेलिस. त्यातल्या बऱ्याच तुऱ्यावर दिसतात, म्हणजे स्वभावानं दुसऱ्या रस्त्याच्या जवळच्या. याच कुटुंबात बाजरीच्या अरगटाची बुरशीही आहे. ती मात्र अंतर्वासी नाही, फुलोऱ्यात येते आणि दाण्याच्या जागी स्वतः वाढते.

याशिवाय प्रत्येक गवताच्या पानांत, मुळांत इतर अनेक प्रकारच्या बुरश्या थोड्या थोड्या जागेत गुपचूप राहत असतात. त्या हवेतून, पावसाच्या थेंबांतून, मातीतून येतात. त्यांची प्रत्येक रोपाला नव्यानं लागण होते. हरळीतही अशा भरपूर आहेत. त्यांचा एपिक्लोईसारखा घट्ट संसार नसतो.

पशुवैद्य_महू

गुरांच्या बाजूनं लिहितो, कारण जगाला ही बुरशी कळली ती गुरांमुळेच.

अमेरिकेत केंटकी राज्यात १९३१ साली एका डोंगरउतारावरच्या शेतात टॉल फेस्क्यूचा एक दणकट प्रकार सापडला. दुष्काळात हिरवा, चराईला चिवट. १९४३ मध्ये तो केंटकी ३१ नावानं शेतकऱ्यांना दिला गेला आणि लाखो एकरांवर पसरला. मग तक्रारी सुरू झाल्या. उन्हाळ्यात त्या कुरणातल्या गाई धापा टाकत, दिवसभर सावलीत नाहीतर पाण्यात उभ्या राहत, अंगावरचे हिवाळी केस झडत नसत, दूध आटायचं, गाभण राहण्याचं प्रमाण घसरायचं. हिवाळ्यात मागच्या पायांचे खूर, शेपटीचं टोक, कानांची टोकं रक्त न पोचल्यामुळे सडायची. गवत तपासलं तर हिरवंगार, निरोगी. कितीतरी वर्षं कारण सापडेना.

१९७७ साली जॉर्जियातल्या अथेन्स इथे चार्ल्स बेकन आणि सहकाऱ्यांनी त्रास देणाऱ्या कुरणांतलं गवत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि जवळजवळ प्रत्येक रोपात बुरशीचे तंतू सापडले. ही बुरशी एर्गोव्हॅलीन बनवते. ते अरगटाच्याच गटातलं द्रव्य, रक्तवाहिन्या आवळतं. उन्हाळ्यात शरीराची उष्णता कातडीवाटे बाहेर पडत नाही, थंडीत टोकाच्या भागांना रक्त मिळत नाही. सगळी लक्षणं एका सूत्रात बसली.

ताईंच्या पहिल्या पोस्टशी जोडून सांगतो: ती बुरशी लाखो एकरांवर गेली ती वाऱ्यानं नाही, किड्यानं नाही. माणसानं बियाण्याच्या पोत्यांतून स्वतःच्या हातानं पेरली.

एक इशारा. आपल्याकडे म्हशींच्या शेपटीचं, कानाचं, खुराचं असंच सडणं उत्तरेकडे भाताच्या पेंढ्यावर थंडीत दिसतं, त्याला देगनाला म्हणतात. ते बघून कुणी फेस्क्यूचं नाव घेऊ नका. तिथे दोष कापणीनंतर ओल्या पेंढ्यावर वाढलेल्या बुरशीचा, मुख्यतः फ्युजेरियमचा. पेंढा नीट वाळवून, पावसापासून झाकून ठेवणं हा त्याचा उपाय. अंतर्वासी बुरशीवर पेंढा वाळवून काही होत नाही, विष वाळल्या गवतातही राहतं.

रेवाकाठ

डॉक्टर, मग बांधवगडला २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास दहा हत्ती गेले, कोदो खाऊन, ते यातलंच का? आमच्या घरी तेव्हापासून कोदो आणणंच बंद आहे.

पशुवैद्य_महू

नाही. त्या हत्तींच्या नमुन्यांत सायक्लोपियाझोनिक आम्ल सापडल्याचं बरेलीच्या पशुवैद्यक संस्थेनं सांगितलं होतं. हे विष अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम गटातल्या बुरश्या बनवतात. त्या दमट हवेत दाण्यावर वाढतात. पिढ्यान् पिढ्या बियाण्यातून रोपात जाणारी ही मंडळी नव्हेत. नीट वाळवलेला, ओल न लागलेला कोदो खायला हरकत नाही. ओल लागलेला, वास येणारा, काळपट दाणा गुरांनाही घालू नका.

दूरदेशी_हॅमिल्टन

मूळची इंदूरची, तोफखान्यातली. आता न्यूझीलंडमध्ये वायकाटो भागात असते, नवरा दुग्धव्यवसायात. इथे हा विषय रोजच्या जेवणातल्यासारखा आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

इथलं मुख्य कुरणगवत म्हणजे बारमाही रायगवत. उन्हाळ्याच्या अखेरीस मेंढ्यांना एक त्रास व्हायचा. लांबून बघितलं तर कळप शांत चरताना दिसतो. कुत्रा सोडला, मेंढ्या पळायला लागल्या की डोकं थरथरतं, पाय ताठ होतात, चालीचा तोल जातो आणि धाडकन आडव्या पडतात. काही मिनिटं पडू दिलं की उठून पुन्हा चरायला लागतात. जनावर या विषानं सहसा मरत नाही, पण थरथरत खड्ड्यात, ओढ्यात पडून मरतं. १९८१ साली इथल्या संशोधकांनी हे रायगवतातल्या अंतर्वासी बुरशीशी जोडलं, दोषी द्रव्य लोलिट्रेम बी.

मग लोकांना वाटलं, सोपं आहे, बुरशी नसलेलं बियाणं पेरू. पेरलं. मेंढ्या बऱ्या झाल्या, पण अर्जेंटिनाहून आलेल्या एका खोडभुंग्यानं कुरणं खाऊन टाकली. त्या भुंग्याला आजवर अडवत होतं पेरामीन नावाचं द्रव्य, आणि ते बनवत होती तीच बुरशी. म्हणजे बुरशी काढली की जनावर वाचतं आणि गवत मरतं. अमेरिकेत फेस्क्यूबाबतही असंच झालं, बुरशीमुक्त फेस्क्यू उन्हाळ्यात आणि चराईत टिकला नाही.

उपाय असा निघाला की रानटी रायगवतांत हिंडून अशा बुरश्या शोधायच्या ज्या कीड थांबवतात पण लोलिट्रेम बनवत नाहीत. त्या प्रयोगशाळेत वाढवून कोवळ्या रोपांत टोचून बसवायच्या आणि मग बियाणं वाढवायचं. एआर१ आणि एआर३७ हे त्यातले दोन प्रसिद्ध. आमच्याकडे बियाण्याच्या पोत्यावर गवताच्या वाणाबरोबर आतल्या बुरशीचंही नाव छापलेलं असतं, शेतकरी तेही विचारूनच घेतो.

आणि एक गंमत जी भारतातल्या लोकांना उपयोगी पडेल. बियाणं उबदार, दमट जागी पडून राहिलं तर आतली बुरशी आधी मरते, बी मात्र जिवंत राहतं. साधारण वर्ष-दीड वर्षात ती जाऊ शकते. म्हणून इथे बुरशीवालं बियाणं थंड आणि कोरड्या गोदामात ठेवतात.

वडोदऱ्याचा_वड

गवतवेडीताई, दुसऱ्या रस्त्याबद्दल जरा सविस्तर लिहाल का? मी बडोद्याला, घराच्या मागे उंबर आहे. बीजाणू वाऱ्यानं जातात एवढंच मला ठाऊक होतं. पण तुम्ही मागे एकदा माशीचा उल्लेख केला होता, तो राहून गेला.

गवतवेडी (इंदूर)

तुम्ही उंबराचं नाव काढलंत ते बरं झालं. उंबराच्या फळात शिरणारं घुंगुरटं ठाऊक आहे ना? फुलांवर पराग टाकतं आणि त्याच फुलांच्या काही भागावर त्याची पिल्लं पोसली जातात. गवताच्या चोक रोगात जवळजवळ हाच व्यवहार आहे, फक्त फुलाच्या जागी बुरशी.

गवताच्या काडीवर पांढरा थर चढला की त्यावर असंख्य बारीक कण तयार होतात. ते अजून रोग पसरवणारे बीजाणू नव्हेत. ते नरपेशीचं काम करतात. या बुरशीत मिलनाचे दोन प्रकार असतात, एका प्रकाराचा कण दुसऱ्या प्रकाराच्या थरावर पडला तरच पुढचं घडतं. स्वतःचा कण स्वतःवर पडून उपयोग नाही. मग हे कण एका काडीवरून दुसऱ्या काडीवर नेणार कोण?

बोटॅनोफिला वंशाची एक माशी. दिसायला घरमाशीच्या जातीची, जरा सडपातळ. मादी थरावर येते, थर खाते, कण पोटात जातात. तिच्या आतड्यातून ते जिवंत बाहेर पडतात. मग ती दुसऱ्या काडीवर जाते, थरावर अंडं घालते, आणि अंडं घातल्यावर पोटाचं टोक थरावर टेकवून, शेण सोडत, थरभर फिरते. त्या शेणात आधीच्या काडीवरचे कण असतात. थराचं फलन होतं, आणि काही दिवसांत पांढऱ्याचा पिवळा-नारिंगी रंग होतो. म्हणून कुरणात उभं राहून नुसत्या रंगावरून सांगता येतं की कुठल्या काडीवर फलन झालंय आणि कुठली तशीच राहिली.

अंड्यातून अळी निघते आणि फलन झालेला तोच थर खायला लागते. माशीनं फलन केलं नसतं तर तिच्या अळीला तिथे काही चांगलं खायला मिळालं नसतं. बुरशीचा तोटा असा की अळ्या जास्त झाल्या तर बीजाणू कमी होतात. दोघांचं चालतं कारण बहुतेक थरांवर सगळंच खाऊन टाकतील इतक्या अळ्या नसतात. पण हे नातं सगळीकडे इतकं घट्ट नाही. अमेरिकेत ऑरेगनच्या विलामेट खोऱ्यात ऑर्चर्डग्रासचं बियाणं पिकवतात, तिथे १९९० च्या दशकाच्या शेवटी हा रोग शिरला. त्या शेतांत माशीशिवायही बऱ्याच थरांचं फलन होतं असं दिसलं.

फलन झाल्यावर त्या थरात छोट्या कुप्या तयार होतात. त्यांतून लांब, दोऱ्यासारखे बीजाणू जोरानं बाहेर फेकले जातात. आता वाऱ्याची पाळी. एक शक्यता अशी की बीजाणू शेजारच्या गवताच्या उमललेल्या फुलोऱ्यावर पडतो, रुजतो आणि तिथे तयार होणाऱ्या बियांत शिरतो. दुसरी शक्यता कापणीनंतर राहिलेल्या बुडख्यांची, ताज्या कापावरून आत जाण्याची. बियाण्याच्या शेतात कापणी जमिनीलगत आणि सगळीकडे एकदमच होते, त्यामुळे तिथे ही वाट महत्त्वाची ठरते.

काही जातींत तिसरंही दिसलंय. पानाच्या पृष्ठभागावर, बाहेर, बुरशीचं बारीक जाळं असतं आणि त्यावर कण येतात. पावसाच्या थेंबांनी ते उडतात. थर न चढवणाऱ्या, तुरा न कोंडणाऱ्या काही जातींतही असे कण सापडलेत. त्यांतून निसर्गात किती लागण होते हा अजून अभ्यासाचा विषय आहे, पण बियाणं सोडून दुसरा रस्ताच नाही असं आता ठामपणे म्हणत नाहीत.

आणि जी जात बीजाणूंचा रस्ता पूर्ण सोडून बसली आहे, तिच्यातही जुन्या मिलनाच्या खुणा आहेत. टॉल फेस्क्यूमधली बुरशी तीन वेगवेगळ्या पूर्वज जातींच्या संकरातून आलेली आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या गाईंचं दुखणं आणि त्या गवताचा चिवटपणा, दोन्हींत तिघांचा वाटा आहे.

मुरार_मास्तर (ग्वाल्हेर)

तुमची चर्चा थंड मुलखात अडकून पडलीय, म्हणून इकडचं लिहितो. भाताचा उदबत्ती रोग. बालाघाटकडे मी स्वतः पाहिलाय आणि एकदा पाहिला की विसरत नाही.

बाकी शेत निसवत असतं. मध्येच एखाद्या चुडाच्या लोंब्या पसरतच नाहीत. फांद्या एकमेकींना चिकटून, वरून मळकट चंदेरी लेप बसून, सरळ उभी दांडी बाहेर येते. बोटात धरली तर कडक लागते. जवळून पाहिलं तर करड्या लेपावर काळे ठिपके. दाणा एकही नाही. सहसा त्या चुडाचे सगळे फुटवे असेच निघतात, कारण बुरशी बाहेरून आलेली नसते, रोपाबरोबर आतून वाढत आलेली असते. हीच ती एफेलिस, गवतवेडींनी वर नाव घेतलंय.

आता यात एक अडचण बघा. रोग बियाण्यातून येतो हे नक्की. पण उदबत्ती झालेल्या लोंबीला तर दाणाच नसतो! मग बुरशी कुठल्या बियाण्यातून येते? त्याच शेतातल्या, भरलेल्या, निरोगी दिसणाऱ्या लोंब्यांच्या. रोगट दांडीवरचे कण आसपासच्या फुलोऱ्यावर पडून. म्हणून 'रोगट लोंब्या काढल्या, उरलेलं बी ठेवलं' असं म्हणून चालत नाही. ज्या शेतात उदबत्ती दिसली त्या शेताचं बियाणंच ठेवायचं नाही. दांड्या दिसताक्षणी, कण उडायच्या आधी, उपटून जाळायच्या. बियाण्याला गरम पाण्याची प्रक्रियाही करतात, पण तापमान जरा चुकलं तर बी मरतं, ती जाणकारांकडूनच करून घ्यावी.

आणि बांध स्वच्छ ठेवायचा. ही बुरशी काही रानगवतांवरही राहते, त्यांत हरळीसुद्धा आहे. देपालपूरच्या दादांनी हरळीचं विचारलं होतं, त्याचा हाही एक भाग.

माझं मत थोडं वेगळं आहे. गवतवेडी म्हणतात रस्त्यावरून स्वभाव कळतो. उदबत्ती बियाण्यातून जाते आणि तरी दाणा एक ठेवत नाही. मग तुमचा नियम कुठे राहिला?

गवतवेडी (इंदूर)

मास्तर, बरोबर जागी बोट ठेवलंत. पण तुम्हीच उत्तर दिलंय. ती बियाण्यात शिरते ते आपल्या आश्रयदात्या रोपाच्या नाही, शेजाऱ्याच्या. स्वतःच्या रोपाचं बी तिला लागत नाही, म्हणून ते बुडालं तरी तिचं काही अडत नाही. एपिक्लोई ज्या रोपात आहे त्याच रोपाच्या बियांवर अवलंबून असते. फरक तिथे आहे. 'बियाण्यातून जाते' एवढं म्हणून भागत नाही, कुणाच्या बियाण्यातून हे विचारायला हवं.

मुरार_मास्तर (ग्वाल्हेर)

हे पटलं. वर्गात सांगताना असंच सांगेन.

छतबाग_इंदूर

एवढं वाचून मला माझ्या गवती चहाची काळजी वाटायला लागली. सरळ बुरशीनाशक फवारून टाकू का? एकदाचं जाईल.

गवतवेडी (इंदूर)

नको. पहिलं कारण, तुम्ही त्याचा चहा पिता. दुसरं, वरून फवारलेलं बरंचसं औषध पानावरच राहतं, आणि ही बुरशी बसलेली असते बुडाशी, वाढत्या टोकात. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: गवती चहातली बुरशी नेहमी वाईटच असते असं नाही. लखनौच्या सीमॅप या सुगंधी वनस्पतींच्या संस्थेत गवती चहावरच्या बालान्सियाचा अभ्यास झाला. २००१ साली छापलेल्या कामात बुरशी असलेल्या रोपांचा पाला आणि तेल दोन्ही जास्त भरले होते. तुरा कोंडतो, पण गवती चहाच्या बियांची आपल्याला गरज कुठे असते? आपण ठोंब लावतो, आपल्याला पानं हवीत.

आणि ठोंब लावणं म्हणजे काय, तर बुरशीसाठी तिसरा रस्ता आपणच काढून दिला. एका ठोंबाचे दहा केले की आतली बुरशीही दहा ठिकाणी गेली, बी नको, बीजाणू नको. म्हणून ठोंब निवडताना बघा: तुऱ्याच्या जागी पांढरट किंवा काळी कडक कांडी दिसते का? नको असेल तर त्या ठोंबाचे तुकडे करून वाटू नका. पण फक्त शेजारच्या कुंडीत आहे म्हणून तुमचं रोप बिघडेल ही भीती नको.

मातीचा_माणूस

आपल्या गावाचा अभिमान म्हणून आठवण करून देतो. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ साली इंदूरला वनस्पती संशोधन संस्था उभी केली, इथेच कंपोस्टची इंदूर पद्धत घडली. मुळांतल्या बुरशीशिवाय रोप पुरतं पोसत नाही असं ते नंतर सतत सांगत राहिले. जग आज जे बोलतंय ते इंदूरच्या मातीतूनच गेलंय. तुमच्या धाग्यात त्यांचं नाव हवं.

गवतवेडी (इंदूर)

नाव हवंच. फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवूया. हॉवर्ड बोलत होते ती मायकोरायझा, जिचे तंतू मुळातून बाहेर मातीत पसरतात आणि रोपाला फॉस्फरससारखी अन्नद्रव्यं आणून देतात. एपिक्लोई मातीत पाऊलच टाकत नाही.

दोन्हींच्या मध्ये बसेल अशी एक भारतीय बुरशी मात्र आहे. अजित वर्मा आणि सहकाऱ्यांना ती थरच्या वाळवंटात बाभळीसारख्या झुडपांच्या मुळांशी सापडली. १९९८ मध्ये पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका या नावानं तिचं वर्णन झालं, आता तिला सेरेंडिपिटा इंडिका म्हणतात. ती मुळांच्या आत राहते, मातीतून एका रोपाकडून दुसऱ्याकडे जाते, गहू-बार्लीसारख्या गवतवर्गीय पिकांतही शिरते. मायकोरायझाची नेहमीची बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, ही मात्र प्रयोगशाळेत ताटलीवरसुद्धा वाढते. त्यामुळे शेतासाठी तयार करणं सोपं.

आणि आत कोण कुणाला जपतंय हे किती गुंतलेलं असू शकतं त्याचं एक उदाहरण देते. अमेरिकेतल्या यलोस्टोन इथे गरम झऱ्यांच्या काठी एक गवत ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या मातीतही तगतं. कारण आत कर्व्हुलेरिया बुरशी. बुरशी काढली की गवत मरतं, गवत काढलं की बुरशी मरते. २००७ साली कळलं की त्या बुरशीच्या आत एक विषाणू आहे आणि विषाणू नसेल तर बुरशी असूनही गवत तग धरत नाही. तिघंही हवेत.

सूक्ष्मदर्शी_विद्यार्थी

मी इंदूरलाच, वनस्पतिशास्त्र, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. मला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. ताई, कुठल्या गवतात बघू आणि कसं?

गवतवेडी (इंदूर)

शाब्बास. एपिक्लोईच बघायची असेल तर रानात शोधू नकोस. हिवाळ्यात हिरवळ टिकावी म्हणून काही मैदानांवर बारमाही रायगवताचं बी टाकतात, ते बियाण्याच्या दुकानात मिळतं. ते घे.

बी रात्रभर पाच टक्के सोडियम हायड्रॉक्साइडात भिजव. हातमोजे घालून काम कर, ते चामडी जाळतं. सकाळी भरपूर पाण्यानं धू. वरचं टरफल काढ, बी काचपट्टीवर ठेवून अ‍ॅनिलीन ब्लूचे थेंब टाक, किंचित गरम कर, उकळू देऊ नकोस, वर काच ठेवून दाब. दाण्याच्या बाहेरच्या पेशींच्या थराजवळ निळे, वळणावळणाचे तंतू दिसतील, पेशींच्या मधून गेलेले. पेशींच्या आत शिरलेले दिसले तर ती दुसरी कुठली तरी बुरशी.

पानात बघायचं तर बुडाचं पान घे, म्यानाच्या आतल्या बाजूची पातळ साल सोलून काढ आणि त्याच रंगात ठेव. इथे तंतू लांब, जवळजवळ बिनफांदीचे, पानाच्या लांबीला समांतर धावताना दिसतात. हे पहिल्यांदा दिसलं की तू पुढचा तासभर डोकं वर काढणार नाहीस.

सूक्ष्मदर्शी_विद्यार्थी

बियाणं आणलं. दुकानदार म्हणाला गेल्या वर्षीचं आहे, पावसाळाभर दुकानातच होतं. हॅमिल्टनच्या ताईंनी लिहिलंय की दमट हवेत बुरशी मरते. मग मला काहीच दिसणार नाही का?

गवतवेडी (इंदूर)

दिसेल. मेलेले तंतूही निळे होतात, रंग जिवंत-मेलं ओळखत नाही. म्हणून दोन्ही कर. थोडं बी आत्ताच तपास आणि किती बियांत तंतू आहेत ते मोज. त्याच पिशवीतलं बी कुंडीत पेर, थंडी सुरू झाल्यावर, नाहीतर आपल्या उन्हात रायगवत तगणार नाही. सहा ते आठ आठवड्यांनी, फुटवे यायला लागल्यावर, रोपांच्या म्यानांची साल काढून पुन्हा मोज. बियांत जास्त आणि रोपांत कमी निघाले तर तो फरक म्हणजे पावसाळ्यात मेलेली बुरशी. दोन्ही आकडे इथे टाक.

वावर_देपालपूर

मीही थोडं बी मागवून घेऊन राहिलोय. कुंडी नाही, विहिरीजवळच्या सावलीत एक वाफा करतो. म्यान सोलायला विद्यार्थीसाहेबांनी शेतावर यावं, जेवण आमच्याकडे.

सूक्ष्मदर्शी_विद्यार्थी

येतो काका. सूक्ष्मदर्शक कॉलेजातून मिळणार नाही, पण पानं ओल्या कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत आणता येतील का? दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतील?

गवतवेडी (इंदूर)

टिकतील. फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेव, गोठवू नकोस. प्रत्येक रोपाची वेगळी पिशवी आणि वर क्रमांक, म्हणजे कुठलं म्यान कुठल्या रोपाचं ते हरवणार नाही.